माघातलं पाणी

वहिनी लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा तिच्या माहेराहून तांब्याचा एक बंब आला होता. अलिबागहून रेवस, तिथून लाँचने भाऊचा धक्का आणि धक्क्यावरून मालमोटारीने मुलुंड, असा प्रवास करून तो आमच्या अंगणात उतरला. अण्णांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली, बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "घाट सुरेख आहे. माळ्यावर ठेवा."

वहिनीला वाटलं, जागा नाही म्हणून म्हणत असतील. ती म्हणाली, "न्हाणीघरात कोपऱ्यात मावेल, मामंजी."

"मावेल. पण आपल्या घरात ऊन पाण्याने कोणी आंघोळ करत नाही."

१९४९ सालची ही गोष्ट. सहा वर्षं तो बंब माळ्यावर राहिला.

अण्णा म्हणजे माझे वडील. दादरच्या एका शाळेत तीस वर्षं ड्रिलमास्तर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी मुलुंडला छोटं बैठं घर बांधलं, ते केवळ हवेसाठी. मागे डोंगर, मोकळं माळरान, अंगणात स्वतःची विहीर. त्या काळी डॉक्टर लोक मुंबईतल्या रोग्यांना हवापालटाला मुलुंडला पाठवत, आणि अण्णा म्हणत, आपण रोगी होण्याआधीच आलो. आई दादरलाच वारली होती. तिच्या लांबलेल्या दुखण्यात माझ्या भावाचं, नंदकिशोरचं, लग्नही लांबलं. मी दादाहून सात वर्षांनी लहान. मुलुंडच्याच शाळेत मी शिकवायला लागले आणि माझं लग्न राहूनच गेलं.

घरात पहाटे पाचला सगळ्यांनी उठायचं आणि गार पाण्याने आंघोळ करायची. विहिरीचं पाणी हिवाळ्यात पहाटे कोमट लागतं, हे विहीर असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. अण्णांना ते चालत नसे. म्हणून आदल्या संध्याकाळी पाणी शेंदून उघड्या हौदात भरून ठेवायचं, म्हणजे डोंगरावरच्या वाऱ्याने ते रात्रभरात सुरीसारखं होई. पौषी पौर्णिमेपासून माघी पौर्णिमेपर्यंत तर अण्णांचा सोहळाच असे. आळीतले दहाबारा पुरुष पहाटे आमच्या विहिरीवर जमत, अण्णा त्यांच्याकडून सूर्यनमस्कार घालून घेत, मग हौदाच्या पाण्याने माघस्नान. लोकांना अण्णांचा अभिमान होता. साठी उलटलेला माणूस उघड्या अंगाने थंडीत उभा राहतो आणि शहारतही नाही, हे बघायला लोक यायचे.

दादा लहानपणापासून शहारायचा. अण्णांच्या दृष्टीने त्याचा एवढा एकच दोष होता, पण तो त्यांना रोज पहाटे दिसायचा.

वहिनीचं नाव रत्नप्रभा. ती फार बोलायची नाही. पण एखादी गोष्ट तिने पाहिली की ती पाहिलीच. १९५४च्या डिसेंबरात दादा सकाळी ऑफिसला निघताना फाटकाशी थांबायला लागला. फाटकाचा दांडा धरून उभा राहायचा, मग दोन मिनिटांनी चालू लागायचा. विचारलं तर म्हणे, "जळजळतं जरा. रात्रीची वांगी." आम्ही त्याला सोडा द्यायचो. अण्णा म्हणायचे, "नमस्कार वाढव. बारा घालतोस, चोवीस घाल."

एके दिवशी दुपारी वहिनी मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. दाराच्या मागे भिंतीवर कॅलेंडर होतं. त्याच्या तारखांवर तिने पेन्सिलीने बारीक फुल्या केल्या होत्या आणि काही तारखांखाली आकडे.

"वन्सं, हे बघा. फुली म्हणजे त्या दिवशी ह्यांच्या छातीत आलं. आणि हा आकडा पेपरातला. पहाटेचं हवामान."

तेव्हा पेपरात तापमान फॅरनहाइटमध्ये छापून यायचं. मी बघितलं. फुल्या चौदा होत्या. त्यांतल्या अकरा अशा दिवशी होत्या, जेव्हा पारा साठाच्या खाली गेला होता.

"वांगी आपण त्यात दोनदाच केली," वहिनी म्हणाली.

मी गणित शिकवायचे. तरी मी म्हणाले, "योगायोग असेल गं." कारण तसं म्हणणं सोपं होतं. ते खरं धरलं असतं तर अण्णांशी बोलावं लागलं असतं.

वहिनीने माझी वाट पाहिली नाही. तिने दादाला स्टेशनजवळच्या डॉक्टर राजाध्यक्षांकडे नेलं, ते कॅलेंडर गुंडाळून पिशवीत घालून. डॉक्टरांनी परळच्या मोठ्या इस्पितळात दादाचा कार्डिओग्राम काढवून आणला आणि मग आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं. हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी आतून बुजत आली आहे. अडतिसाव्या वर्षी असं व्हायला नको होतं, पण झालं आहे.

"आणि हे तुम्ही केलंत?" त्यांनी कॅलेंडर हातात घेऊन वहिनीला विचारलं.

"हो. चुकलं का काही?"

"नाही. माझ्या लक्षात इतक्या लवकर आलं नसतं." मग ते दादाकडे वळले. "थंडी लागली की अंगावरच्या रक्तवाहिन्या आखडतात. वाट अरुंद होते, दाब वाढतो, आणि तेच रक्त ढकलायला हृदयाला दुप्पट जोर करावा लागतो. धडधाकट माणूस तो जोर करतो, त्याला कळतही नाही. तुम्हाला कळतं, कारण तुमच्या हृदयाला स्वतःलाच रक्त पुरत नाही. त्यातून एकदम गार पाणी अंगावर घ्यायचं, म्हणजे दमलेल्या बैलाला चाबूक मारायचा."

दादा हसून म्हणाला, "पण डॉक्टर, मुंबईत थंडी ती कसली?"

"इंग्लंडातल्या माणसाला साठ अंश म्हणजे उन्हाळा वाटेल. तुम्ही इंग्लंडात वाढलात का? शरीराला ज्या हवेची सवय, तिच्यापेक्षा ती किती उतरली, ते महत्त्वाचं. उन्हाळ्यातही जपा. भर उन्हात घाम जाऊन रक्त दाट होतं, तेव्हाही हृदयाची धावपळच होते. पण तुमचं दुखणं थंडीचं आहे, ते बाईंनी दाखवलंच आहे."

त्यांनी पथ्य सांगितलं. आंघोळीला ऊन पाणी. ऊन अंगावर आल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. छातीला लोकरीचं काहीतरी. दुखलं की जिभेखाली ठेवायच्या गोळ्या कायम खिशात.

घरी येऊन मी अण्णांना सांगितलं. वहिनी आणि दादा माझ्या मागे उभे होते. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

"अडतीस वर्षांचा माणूस आणि ऊन पाणी," ते म्हणाले. "डॉक्टर विलायती पुस्तकातलं वाचून सांगतात. तिकडे बर्फ पडतो. थंडी मनाला लागते, शुभा. मन घट्ट असलं की अंगाला काही होत नाही."

दुसऱ्या दिवशी वहिनीने पदर खोचला, शिडी लावली आणि स्वतः चढून माळ्यावरून बंब खाली काढला. चिंचेने घासला. न्हाणीघरात कोपऱ्यात ठेवला. तो खरंच मावला.

अण्णा तिच्याशी बोलेनासे झाले. तिला ऐकू जाईल असं मात्र बोलायचे. पहाटे विहिरीवर मंडळी जमली की मोठ्याने विचारायचे, "काय, आत धूर दिसतोय. राजेसाहेबांचं पाणी तापलं वाटतं." मंडळी हसायची. दादा न्हाणीघरात ते ऐकायचा. वहिनी बंबात ढलप्या सारत राहायची.

दुखणं थांबलं. १९५५-५६चा पुरा हिवाळा दादाला दोनदाच कळ आली. वहिनीच्या कॅलेंडरावर दोनच फुल्या होत्या. तो पूर्वीसारखा जेवायला लागला, जयंतीला, म्हणजे त्याच्या मुलीला, खांद्यावर घेऊन डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायला लागला.

आणि याच गोष्टीने घात केला. कारण अण्णा म्हणायला लागले, "बघा. काही झालं का? आजार असता तर असा बरा झाला असता? आजार नव्हताच. उगाच एका उमद्या पोराला दोन वर्षं अंथरुणात घातल्यासारखं केलं."

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता सुचतं. पण ते वहिनीने तेव्हाच दिलं होतं, मला एकटीला. ती म्हणाली होती, "छत्री घेतल्यामुळे भिजलो नाही, तर पाऊस नव्हताच असं म्हणायचं का?"

१९५७च्या जानेवारीत वहिनीच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. तिला अलिबागला जायलाच हवं होतं. माघस्नान सुरू होऊन दहाबारा दिवस झाले होते आणि तशी थंडी कित्येक वर्षांत पडली नव्हती. सकाळी बोलताना तोंडातून वाफ येई, मुलुंडसारख्या ठिकाणी. ती जयंतीला घेऊन निघाली, पण निघायच्या आधी मला न्हाणीघरात नेऊन बंब कसा पेटवायचा ते दाखवलं. जणू मी कधी पाहिलाच नव्हता.

"चारच दिवसांचं काम आहे, वन्सं. सहाला पेटवलात की साडेसहाला पाणी होतं. गोळ्यांची बाटली कोटाच्या डाव्या खिशात आहे. आणि मामंजी काही म्हणाले, तर तुम्ही मध्ये पडा. ह्यांना त्यांच्यापुढे नाही म्हणता येत नाही."

"पडेन गं. जा तू निर्धास्त."

पहिले दोन दिवस मी बंब पेटवला. तिसऱ्या दिवशी पहाटे दादा लवकर उठून स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन बसला होता. अंगावर शाल होती. मी ढलप्या मोजून घेत होते. बाहेर विहिरीवर मंडळी जमली होती, नमस्कार चालले होते. तेवढ्यात अण्णा मागच्या दारात आले. उघडे, ओले, अंगातून वाफ निघत असलेले. चौसष्ट वर्षांचे होते, पण दाराची चौकट भरून टाकत होते.

"नंदू," ते म्हणाले. आवाज चिडका नव्हता. तेच वाईट झालं. मायेचा होता. "आज तू ये. एक दिवस ये. घरात विचारायला कोणी नाही आज. सगळे आहेत, माझा मुलगाच तेवढा नाही, हे मला बरं दिसत नाही रे."

दादाने माझ्याकडे पाहिलं.

मी त्या क्षणाबद्दल पुष्कळ विचार केला आहे. मला अण्णांची भीती वाटली असं म्हणता येईल, आणि तेही खरं आहे. पण नुसतं तेवढंच नव्हतं. अण्णांनी दादाला असं हाक मारून बोलावलं, आमच्या उभ्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. मला वाटलं, जाऊ दे. एकदा. दोघं एकदा तरी शेजारी उभे राहू देत. मी हातातल्या ढलप्यांकडे बघत राहिले आणि काही बोलले नाही.

दादा उठला. शाल काढून त्याने माझ्या खांद्यावर ठेवली.

मी मागच्या दारात जाऊन उभी राहिले. मंडळींनी त्याला वाट करून दिली. कोणीतरी म्हणालं, "या, नंदूशेट." पहिली कळशी अण्णांनी स्वतः हौदात बुडवली आणि स्वतःच्या हाताने त्याच्या डोक्यावर ओतली. दादाचा श्वास अडकला, तो मला दारापर्यंत ऐकू आला. दुसरी कळशी. तिसरी. अण्णा म्हणाले, "शाबास." दादा हसला. खरोखर हसला, दात वाजत होते तरी. अण्णांच्या तोंडून शाबास हा शब्द ऐकायला त्याला चाळीस वर्षं लागली होती.

मग तो विहिरीच्या काठावर बसला. म्हणाला, "जरा बसतो." कपाळावर घाम आला होता. माझ्या आधी ते आळीतल्या काशीराम परबांच्या लक्षात आलं. ते पूर्वी गिरणीत होते, अण्णांच्या मंडळींत नेहमी मागच्या रांगेत उभे राहत. ते म्हणाले, "मास्तरनु, ह्येका घाम कशाक येता?"

मी कोटाकडे धावले. बाटली डाव्या खिशातच होती. गोळी जिभेखाली ठेवली, एक ठेवली, दुसरी ठेवली. दादाने माझं मनगट धरलं होतं आणि तो काहीतरी सांगत होता, पण दात इतके वाजत होते की एक शब्द कळला नाही. काशीराम डॉक्टरांना आणायला गेले. डॉक्टर राजाध्यक्ष सायकलवरून आले तेव्हा पुरतं उजाडलंही नव्हतं. त्यांनी नाडी बघितली, हौद बघितला, अण्णांकडे बघितलं. एवढंच म्हणाले, "उशीर झाला."

अलिबागला तार केली. वहिनीची वाट पाहू, असं मी म्हणाले. या वेळी बोलले. अण्णा म्हणाले, "प्रेत ताटकळत ठेवून काय मिळणार? तिला लाँच मिळते, न मिळते." दुपारी दोनला दादाला नेलं. वहिनी दिवेलागणीला पोचली. अंगणात शिरताना तिने फाटक उघडलं, ते लावून घेतलं, आत आली आणि घरात कोण कुठे बसलंय ते पाहिलं. जयंती तिच्या खांद्यावर झोपली होती. ती रडली नाही. तिने विचारलं, "आंघोळ केली होती का?"

अण्णा म्हणाले, "त्याची तेवढीच दोरी होती."

नंतर ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. त्याच दारामागे. कॅलेंडर नव्या वर्षाचं होतं आणि त्याच्यावर काही नव्हतं.

"वन्सं, विहिरीवर कोणी नेलं ह्यांना?"

मी म्हणाले, "तो आपणहून गेला."

तिने मान हलवली आणि जयंतीला अंथरूण घालायला गेली.

पुढच्या दिवसांत समाचाराला माणसं येत होती. अण्णा ओसरीवर बसत. चौथ्या दिवशी मी पाणी घेऊन बाहेर गेले तेव्हा ते दादरहून आलेल्या त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांना सांगत होते, "दोन वर्षं ऊन पाण्याची चटक लावली. अंग मऊ करून टाकलं. मग साधं गार पाणी सोसेना त्याला. मी काय बोलणार? माझ्याच घरात माझं चाललं नाही." समोरची माणसं माना डोलावत होती. एक बाई म्हणाली, "बायकांना काय कळतं हो." वहिनी आतल्या खोलीत होती, ओसरीपासून सहा हातांवर. मी पाण्याचे पेले खाली ठेवले आणि आत आले.

हे सगळीकडे पसरलं. मुलुंडमध्ये दोन वर्षं लोक तिला ओळखत ती अशी, की हिने नवऱ्याचं अंग मऊ केलं आणि त्याला मारलं.

महिन्याभराने ती डॉक्टर राजाध्यक्षांकडे गेली आणि काम मागितलं. त्यांनी तिला दवाखान्यात रोग्यांची नावं लिहायला, पुड्या बांधायला ठेवलं. अण्णांनी हरकत घेतली नाही. घराबाहेर असलेली बरी, असं त्यांना वाटलं असावं. दवाखान्यात ती छातीत दुखतं म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, कधी दुखतं, किती वाजता, आंघोळीआधी की नंतर, वाऱ्यात चालताना की आडोशाला. लिहून ठेवायची. डॉक्टर ते वाचायचे. पहाटे अंगण धुवायला म्हाताऱ्या सासूला उठवणाऱ्या सुनांना ती घरी जाऊन थंडी जपायला सांगायची, आणि सुनांना उठवणाऱ्या सासवांनाही. काही ऐकायच्या. पुष्कळशा तिच्या कपाळाकडे बघायच्या आणि दार लावून घ्यायच्या.

१९५८चा माघ आला. मला वाटलं होतं, या वर्षी अण्णा बंद ठेवतील. त्यांनी पौषी पौर्णिमेला हौद घासून घेतला. पहिल्या दिवशी मंडळी पूर्वीएवढीच जमली. माझा भाऊ त्या काठावर गेला होता आणि लोक त्याच काठावर धोतरं ठेवत होते.

वहिनी मागच्या दारातून बाहेर गेली. हौदाशी जाऊन उभी राहिली, पदर डोक्यावर घेऊन, आणि शांतपणे म्हणाली, "ज्यांच्या छातीत दुखतं, ज्यांना चढण चढताना दम लागतो, त्यांनी हे पाणी घेऊ नये. घरी जाऊन ऊन पाण्याने आंघोळ करावी. पुण्य तेवढंच लागेल."

अण्णा म्हणाले, "आत जा."

"जाते. मला एवढंच सांगायचं होतं."

"माझा मुलगा खाल्लास. आता माझ्या माणसांना शिकवतेस?"

ती आत आली. बाहेर कोणीतरी खोकलं, मग नमस्कार सुरू झाले. एकही माणूस घरी गेला नाही. तासाभराने काशीराम परब एकटे मागच्या दाराशी आले. अंग कोरडंच होतं. खाली बघत म्हणाले, "वयनी, माका पन हयसर कळ येता. घरात कोणाक बोललंय नाय. दवाखान्यात कधी येव?"

"आजच या, काका. नऊला."

एका वर्षात तिला मिळालेलं यश ते एवढंच.

त्याच वर्षी मे महिन्यात अण्णा एका दुपारी दीड वाजता कसल्याशा अर्जासाठी पोस्टात चालत गेले. टोपी नाही, छत्री नाही. ऊन मनाला लागतं, असं त्यांचं म्हणणं असावं. परत येताना ते वाटेत बसले. दोन माणसांनी त्यांना धरून घरी आणलं, तेव्हा चेहरा राखेसारखा आणि अंग चिंब झालं होतं. घरात मी गांगरून उभी होते. वहिनीने त्यांना आडवं केलं, खिडक्यांना ओले पंचे लावले, पंख्याने वारा घातला आणि डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका आहे. अजून दहा मिनिटं उन्हात राहिले असते तर घरी पोचले नसते.

महिनाभर ते अंथरुणावर होते. डॉक्टरांनी त्यांना पथ्य सांगितलं. शब्द न् शब्द तोच, जो त्यांनी दादाला सांगितला होता. मी अण्णांकडे बघत होते. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल.

अण्णा म्हणाले, "ठीक आहे. ऊन पाणी म्हणजे किती ऊन?"

तेव्हापासून रोज सकाळी वहिनी त्यांच्यासाठी बंब पेटवायची. पाण्यात हात घालून बघायची, विसणायची आणि मग त्यांना हाक मारायची. हिवाळा आला तसे अण्णा गळ्याला मफलर गुंडाळून, पायांत मोजे घालून ओसरीवर ऊन खात बसायला लागले. माघात हौद कोरडा राहिला. जुनी मंडळी भेटायला आली की अण्णा सांगायचे, "हृदयाला थंडी फार वाईट. वाहिन्या आखडतात. तुम्हाला माहीत नसेल. पहाटेचं बाहेर पडू नका, ऊन येऊ द्या." मंडळी माना डोलावायची. म्हणायची, मास्तरांचा अभ्यास दांडगा.

एकदा मला असह्य झालं. मी न्हाणीघरात जाऊन वहिनीला म्हणाले, "तू कशाला तापवतेस? त्यांनी तुझ्याबद्दल काय काय म्हटलंय ते गाव जाणतं."

ती बंबात फुंकर घालत होती. म्हणाली, "ते आजारी आहेत. आजारी माणसाला ऊन पाणी लागतं. हे मी शिकले ते खरं आहे, की माझ्या रागापुरतंच खरं आहे?"

मी गप्प बसले. गप्प बसण्यात माझा हातखंडा होता.

१९५९च्या अखेरीस डॉक्टर राजाध्यक्षांनी घाटकोपरला दुसरा दवाखाना काढला आणि तिथलं काम वहिनीवर सोपवलं. दवाखान्याच्या मागे राहायला एक खोली होती. तिने अण्णांना नमस्कार केला. ते म्हणाले, "माझ्या पाण्याचं कोण बघणार?" ती म्हणाली, "वन्सं बघतील. त्यांना बंब पेटवता येतो."

टांगा आला होता. सामान चढवून झालं. जयंती आठ वर्षांची होती, आपल्या पुस्तकांची पिशवी मांडीवर घेऊन आत बसली होती. मी वहिनीला फाटकापाशी थांबवलं. तीन वर्षं जे तोंडात होतं ते बाहेर काढलं. म्हणाले, "वहिनी, दादा आपणहून नव्हता गेला. अण्णांनी बोलावलं. मी तिथेच होते. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मी काही बोलले नाही."

"माहीत आहे मला," वहिनी म्हणाली.

"कसं?"

"काशीरामकाकांनी सांगितलं. बाराव्याच्या दिवशी."

"मग तू तेव्हा बोलली का नाहीस? लोक तुला काय काय म्हणत होते. मला विचारायचंस तरी."

"विचारलं होतं, वन्सं. पहिल्याच दिवशी विचारलं होतं." तिने पदर सारखा केला. "नंतर तुम्ही कधी सांगता, याची वाट बघत होते. लोकांसमोर एकदा म्हणाला असतात, तरी पुरलं असतं. आता इथे फाटकाशी, कोणी नसताना, सांगून काय होणार?"

ती टांग्यात बसली. जयंतीने हात हलवला. वहिनीने नाही.

अण्णा अजून आहेत. त्यांना सत्तर वर्षं पुरी झाल्याचं आळीने साजरं केलं. मी रोज सकाळी पाणी तापवते. घाटकोपरला मी चारपाच वेळा जाऊन आले. वहिनी चहा करते, शाळेची चौकशी करते, अण्णांचं रक्तदाबाचं औषध बदललं का ते विचारते. दवाखान्यात आता तिचा शब्द चालतो. लोक तिला रत्नाबाई म्हणतात आणि थंडीच्या दिवसांत छातीवर हात ठेवून तिच्या टेबलाशी रांग लावतात. तिच्या वागण्यात मला बोट ठेवायला जागा नाही.

गेल्या खेपेला तिला एका रोग्याला बघायला पलीकडच्या चाळीत जायचं होतं. जयंती अभ्यास करत बसली होती. मी म्हणाले, "जा तू, मी आहे हिच्याजवळ." वहिनी क्षणभर उभी राहिली. मग जयंतीला म्हणाली, "चप्पल घाल गं, माझ्याबरोबर चल." आणि दोघी निघून गेल्या.